अक्षरी मराठी संख्या अंकांत आणायच्या आहेत, पण ‘साडेसातशे’चं उत्तर ७००.५ येतंय

पाटीपेन्सिल (प्रश्न)

रोमन अंक वाचणारा छोटा पार्सर पायथनमध्ये लिहिला, तो नीट चालतो. तिथे नियम एकच आहे. डावीकडून उजवीकडे जायचं, चिन्ह पुढच्या चिन्हापेक्षा लहान असेल तर वजा करायचं, नाहीतर मिळवायचं. आयनंतर व्ही आला की ४, व्हीनंतर आय आला की ६.

त्याच सांगाड्यावर आता पावत्या आणि करारपत्रांतल्या अक्षरी रकमा अंकांत आणायच्या आहेत. वजाबाकीच्या जागी गुणाकार ठेवला. लहान शब्द मोठ्याच्या आधी आला (तीन हजार) की गुणायचं, नंतर आला (हजार तीन) की मिळवायचं. कोशात एक ते नव्व्याण्णव, शंभर, एकशे ते नऊशे, हजार, लाख, कोटी, दीड, अडीच. शिवाय साडे म्हणजे अधिक ०.५, सव्वा म्हणजे अधिक ०.२५, पावणे म्हणजे उणे ०.२५.

निकाल असे:

तीन हजार दोनशे सत्तावन्न → ३२५७ (बरोबर)
साडेसातशे → ७००.५
पावणेदोनशे → १९९.७५
सव्वाशे → शब्द सापडला नाही
अठराशे सत्तावन्न → शब्द सापडला नाही
दीड लाख कोटी → १,०१,५०,०००
चौऱ्याऐंशी → कधी सापडतो, कधी नाही. पडद्यावर दोन्ही वेळा शब्द तोच दिसतो

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, व्याकरण कसं बांधावं? दोन, शब्द कोशात नसेल तर जवळचा शब्द शोधून तो धरला तर चालेल का?

शेकडेवारी

‘एकशे ते नऊशे’ हे शब्द कोशातून काढून टाका, अर्धं दुखणं तिथेच आहे. ‘सातशे’ हा शब्द तुम्ही ७०० म्हणून ठेवलात, मग ‘साडे’ला चिकटायला ७०० मिळाले. खरी बांधणी (साडे सात) × शे अशी आहे, म्हणजे ७.५ × १००. पावणेदोनशे म्हणजे (२ − ०.२५) × १०० = १७५. ‘शे’ हा हजार-लाखासारखाच गुणक आहे, फक्त तो मागच्या शब्दाला जोडून लिहितात. तो सुटा केला की सव्वाशे, दीडशे, अडीचशे, पाऊणशे, बाराशे, अठराशे, एकोणीसशे हे सगळे वेगळ्या नोंदी न करता सुटतात.

‘शे’ कुठेही दिसला तरी निर्धास्त तोडा. एक ते नव्व्याण्णव या एकाही शब्दात ‘शे’ नाही (ऐंशीत ‘शी’ आहे, तो वेगळा). त्यामुळे ‘तीनशेपासष्ट’, ‘चारशेवीस’ असं सलग लिहिलेलंही मधोमध नीट तुटतं.

जोडून आलेली पूर्वपदं तोडताना लांब शब्द आधी तपासा, नाहीतर ‘पावणे’तलं ‘पाव’ आधी जुळून बसेल. ‘सव्वा’ आणि ‘सव्वीस’ची मात्र भीती नको. युनिकोडमध्ये काना आणि वेलांटी हे स्वतंत्र संकेत असल्यामुळे ‘सव्वीस’ची सुरुवात ‘सव्वा’ने होत नाही.

आता शब्दांचे तीन वर्ग करा.

मूल्य: एक ते नव्व्याण्णव, शंभर, पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच.
पूर्वपद: साडे, सव्वा, पावणे.
गुणक: शे १००, हजार १०००, लाख १०च्या ५व्या घाताइतका, कोटी ७व्या, अब्ज ९व्या.

‘शंभर’ मूल्यात आहे, गुणकात नाही, याकडे लक्ष द्या. ‘पाचशे’ म्हणतात, ‘पाच शंभर’ नाही. तसं काही आलं तर ते बहुधा नोटांची मोजणी असते. अब्जाच्या पुढे खर्व (१०वा घात), निखर्व (११वा) हवे असतील तर घ्या, पण हिंदीतला ‘खरब’ ११व्या घाताचा आहे. दोन्ही भाषांचे कागद एकाच ढिगात असतील तर या शब्दांवर भरवसा ठेवू नका.

पूर्वपदाला पुढचा एक शब्द बघायला लावा:

साडे + न → न + १/२, पण न किमान ३ हवा (त्याआधी दीड आणि अडीच आहेत)
पावणे + न → न − १/४, न किमान २
सव्वा + न → न + १/४, न किमान २
सव्वा + गुणक, किंवा पुढे काहीच नाही → १ १/४

तिन्हींत न जास्तीत जास्त ९९.

बेरीज-गुणाकारासाठी ‘आत्तापर्यंतचा’ असा एकच चल पुरत नाही, राशी लागते, म्हणजे साधा स्टॅक. मूल्य आलं की राशीवर ठेवा. गुणक आला की राशीच्या वरून सुरुवात करून गुणकापेक्षा लहान असलेल्या सगळ्या नोंदी उचला, त्यांची बेरीज करा, गुणकाने गुणा आणि परत ठेवा. उचलायला काहीच नसेल तर १ धरा, म्हणजे नुसतं ‘हजार’ किंवा ‘पाच कोटी लाख’मधला ‘लाख’ही चालतो. शेवटी राशीतल्या सगळ्यांची बेरीज.

‘दीड लाख कोटी’ असं चालेल:

दीड → [१.५]
लाख → [१,५०,०००]
कोटी → १,५०,००० हे कोटीपेक्षा लहान, म्हणून उचललं → [१५,००,००,००,००,०००]

तुमच्या सांगाड्यात लाख आला की हिशोब बंद होत होता आणि कोटीला एकटा १ मिळत होता, म्हणून एक कोटी दीड लाख आले. अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ‘लाख कोटी’ सर्रास असतं, तेव्हा हे प्रकरण अपवाद म्हणून सोडता येणार नाही. ‘दोनशे पन्नास कोटी’ला सुद्धा दोन नोंदी एकत्र उचलाव्या लागतात.

विलांटीवाला

चौऱ्याऐंशीचं कोडं लिपीत आहे. ‘ऱ्या’ दोन रीतींनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (यू+०९३१) आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक (यू+२००डी). पडद्यावर दोन्ही सारखे, बाइट वेगळे. चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव तिघांनाही हे लागू आहे.

एनएफसी प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी संकेतरूपं एकसारखी करणारी युनिकोडची रीत) केलं की झालं असं वाटेल, पण ते अपुरं आहे. र + नुक्ता याचं ऱ ते करून देतं. र + हलन्त + जोडक याला हात लावत नाही. क्रम असा ठेवा:

आधी एनएफसी. मग ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’. त्यानंतरच उरलेले जोडक आणि विजोडक (यू+२००सी) पुसा.

जोडक आधी पुसलात तर ‘चौर्याऐंशी’ होतो, र रफार होऊन य वर चढतो आणि कोशात तो शब्द कधीच सापडत नाही. पायथनचं ‘स्ट्रिप’ हे जोडक काढत नाही, कारण त्याच्या लेखी ती मोकळी जागा नाही.

शब्द तोडायला रेगेक्समधला (मजकुरात नमुने शोधायच्या साधनातला) ‘शब्दाचं अक्षर’ हा वर्ग वापरू नका. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये त्या वर्गात मात्रा आणि हलन्त येत नाहीत, ‘साडे’चे ‘स’ आणि ‘ड’ असे दोन तुकडे मिळतात. जावास्क्रिप्टमध्ये तर त्या वर्गात देवनागरी मुळीच नाही. मोकळ्या जागांवर तोडा, ते पुरतं. मिश्र मजकूर असेल (‘२ लाख ५० हजार’) तर पायथनचं पूर्णांक-रूपांतर देवनागरी अंक थेट घेतं. जावास्क्रिप्टचं घेत नाही, तिथे ० ते ९ आधी बदलून घ्या.

लेखनभेदांसाठी कोशात प्रत्येक रूप भरत बसण्यापेक्षा शोधायची किल्ली (कोशात शोधताना वापरायचं शब्दाचं रूप) सैल करा, कोशाच्या बाजूनेही आणि मजकुराच्या बाजूनेही सारखीच:

अनुस्वार पूर्ण काढा. त्यामुळे ऐंशी/ऐशी एक होतात आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचे ‘पांच’, ‘दोनशें’ हेही बसतात.
द्वित्त एकेरी करा: अठ्ठावीस, अट्ठावीस, अठावीस, नव्व्याण्णव, नव्याण्णव.
ऱ्हस्व वेलांटी-उकार दीर्घ करा: विस/वीस, पाउण/पाऊण.
ष्ठ चा ष्ट करा: एकसष्ठ/एकसष्ट.
‘अे’ चा ए, ‘अै’ चा ऐ. सावरकरी वळणाने छापलेल्या मजकुरात ‘अेक’ असतं आणि युनिकोड त्याला ‘एक’ समजत नाही.

‘शे’ तोडणं या सगळ्याच्या नंतर, म्हणजे ‘शें’साठी वेगळी तजवीज लागत नाही. कोश भरताना एक तपासणी घाला: दोन वेगळ्या किमतींची किल्ली एकच झाली तर प्रोग्रॅम तिथेच थांबला पाहिजे. वरच्या नियमांनी एक ते नव्व्याण्णवात टक्कर होत नाही, पण उद्या कुणी आणखी एक नियम घालेल तेव्हा ही तपासणी उपयोगी पडेल.

आणि एक ते नव्व्याण्णव हे शब्द नियमाने बनवायचा मोह टाळा. ‘एकोण + पुढचा दशक’ हा नियम एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत सुरेख चालतो, पण खालच्या टोकाला एकोणवीस नसून एकोणीस आहे आणि वरच्या टोकाला एकोणशंभर नसून नव्व्याण्णव. मधल्या शब्दांचे तर विचारूच नका. ९९ ओळींचा तक्ता हाताने लिहा, अर्ध्या तासाचं काम आहे.

उधारखाते

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: जवळचा शब्द धरू नका. रकमांत तर नाहीच. मराठी संख्या एकमेकींच्या फार जवळ आहेत. बत्तीस/छत्तीस, एकवीस/एकतीस, बासष्ट/पासष्ट, सात/साठ/आठ यांत एका अक्षराचा फरक. वर सांगितलेली सैल किल्ली केल्यावर सत्तर आणि सतरा यांच्यात फक्त एक काना उरतो, म्हणजे टंकनदोष ‘दुरुस्त’ करताना ५३ इकडचे तिकडे. अनोळखी शब्द आला की ओळ बाजूला काढा. जवळचे शब्द सुचवायचे असतील तर माणसाला सुचवा, हिशोबात घालू नका.

शेकडेवारींच्या पद्धतीत एक भोक आहे. ‘दोन तीन हजार’ दिलं तर राशीवर [२, ३] येतात, हजार आला की दोन्ही उचलले जातात आणि उत्तर ५००० येतं. म्हणून प्रत्येक नोंदीबरोबर तिची ‘जागा’ ठेवा, म्हणजे तिच्यानंतर येणारी नोंद किती रकमेच्या आत हवी ते.

एक ते नव्व्याण्णव, दीड, अडीच, पाव इत्यादी: जागा ०, नंतर काहीच चालत नाही
शंभर: जागा १००
गुणाकारानंतर: जागा = तो गुणक

तपासणी दोनदा करा, राशीवर ठेवताना आणि गुणून परत ठेवताना. फक्त शेवटी केली तर ‘दोन तीन हजार’ तोवर बेरजेत विरघळलेलं असतं. या एका नियमाने ‘पन्नास साठ’, ‘पाच शंभर’, ‘शंभर दोनशे’, ‘लाख दीड लाख’ हे सगळे अंदाजाचे प्रयोग आपोआप नाकारले जातात. ‘पाच हजार बाराशे’ही नाकारलं जातं, कारण १२०० हजारात बसत नाही. ते योग्यच आहे. लिहिणाऱ्याला ६२०० म्हणायचं होतं की मधे काही राहून गेलं, हे यंत्राला कळणार नाही.

एक अंदाज मात्र या चाळणीतून सुटतो.

तो म्हणजे ‘हजार-पाचशे’. अर्थ ‘पाचशे ते हजार’, पण व्याकरणाला १५०० दिसतात. म्हणून जोडरेघ पुसून मोकळी जागा करू नका, तिला स्वतंत्र चिन्ह माना. पूर्वपदानंतर (साडे-तीन) किंवा ‘शे’च्या आधी (दोन-शे) असेल तर ती सोडून द्या, बाकी कुठेही दिसली तर नकार. जोडरेघेशिवाय ‘हजार पाचशे’ आलं तर १५०० धरावे लागतील, त्याला इलाज नाही. ‘शेदीडशे’, ‘शेसव्वाशे’ जागेच्या नियमाने तसेही अडतात, तरी एक काळजी घ्या. यात पहिला ‘शे’ एकटा असतो. शेकडेवारींनी उचलायला काही नसेल तर १ धरा म्हटलंय, ते हजार, लाख, कोटीपुरतं ठेवा. एकटा ‘शे’ म्हणजे नकार.

शेकडेवारींचा ‘पाच कोटी लाख’ही मला पटत नाही. जागेच्या नियमाने तो चालून जाईल, पण तसं कागदावर कुणी लिहीत नाही. त्यापेक्षा १ धरायची मुभा फक्त रकमेच्या अगदी सुरुवातीला द्या. ‘पाच कोटी लाख’ला मग माणूस बघेल.

पाटीपेन्सिल

जागेचा नियम घातला, वरची सगळी उदाहरणं सुटली. आता तीन अडचणी आहेत.

‘साडेबारा हजार पाचशे’ १३,००० येतं. हे नाकारायला हवं असं वाटतं, पण ‘सव्वादोन लाख पाचशे’ हे खऱ्या कागदांत आहे आणि ते घ्यायला हवं.

बालभारतीच्या नव्या पद्धतीने ‘वीस एक’, ‘सत्तर पाच’ लिहिलेलं आलं तर काय करावं?

आणि अपूर्णांकांसाठी दशांश चल (फ्लोट) वापरणं सुरक्षित आहे का?

शेकडेवारी

पहिली: गुणण्याआधीची बेरीज अपूर्णांकी असेल तर जागा गुणकाच्या चतुर्थांशावर आणा. साडेबारा हजारनंतर २५०च्या आतलंच चालेल, म्हणून पाचशे नाकारले जातात. सव्वादोन लाखनंतर २५,०००च्या आतलं चालेल, म्हणून पाचशे बसतात आणि २,२५,५०० मिळतात. ‘दीडशे पाच’ १५५ होतं. उधारखाते म्हणतात तो ‘पाच कोटी लाख’चा मुद्दा मान्य, मुभा सुरुवातीपुरतीच ठेवा.

तिसरी: पाव, अर्धा, पाऊण यांच्या हरात दोनचेच घात आहेत, त्यामुळे दुहेरी अचूकतेच्या दशांश चलात ते बिनचूक बसतात. मर्यादा २चा ५३वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, तिथपर्यंत पूर्णांकांना धोका नाही. गडबड होते ती पैशांत, कारण ०.१० द्विमानात बिनचूक बसत नाही. सरळ उपाय म्हणजे सगळं पाव-एककात ठेवा: एक = ४, दीड = ६, अडीच = १०, साडे म्हणजे अधिक २, सव्वा म्हणजे अधिक १. शेवटी चारने भागा. रुपयांच्या बाजूला बाकी उरली (नुसतं ‘साडेसात रुपये’) तर २५ने गुणून तेवढे पैसे. ‘रुपये’ या शब्दावर रकमेचे दोन तुकडे करा, दुसऱ्या तुकड्यात पैसे. ‘अक्षरी’, ‘फक्त’, ‘मात्र’, ‘आणि’, ‘व’ हे आधीच गाळा. पैशांचा तुकडा ९९पेक्षा मोठा आला किंवा दोन्हीकडून पैसे आले तर नकार.

विलांटीवाला

‘वीस एक’बद्दल. २०१९ साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही मांडणी आली आणि त्यावर बराच धुरळा उडाला. पार्सरला ती सोपी आहे: वीस, तीस… नव्वद या आठ शब्दांची जागा ० ऐवजी १० करा, आणि त्यांच्यानंतर एक ते नऊ हेच पूर्णांक येऊ द्या, म्हणजे ‘वीस साडेपाच’ आत शिरणार नाही.

पण ही सोय मुळात बंदच ठेवा, शाळेच्या मजकुरापुरती चालू करा. बोलीत ‘वीसएक माणसं’, ‘पन्नास एक रुपये’ म्हणजे सुमारे वीस, सुमारे पन्नास. तेच शब्द, तोच क्रम, आणि उत्तर २१ किंवा ५१ धरलं तर चूक. नेमका ‘एक’ याच अंकापाशी हा घोळ आहे. ‘वीस पाच’ला तो नाही. जोडून लिहिलेलं ‘वीसएक’, ‘वीसेक’, ‘पाचेक’ कोशात नसल्यामुळे आपसूक बाद होतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले करार असतील तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या रूपांतरात मात्रांचा क्रम बिघडतो, तेव्हा रूपांतरानंतरचे ‘अनोळखी शब्द’ एकदा डोळ्यांखालून घाला. त्यात आठ-दहाच प्रकार असतील, पण हजारो ओळींत.

उधारखाते

चाचण्यांचं बोलतो, कारण रोमनवाली सवय इथे दगा देते. रोमन पार्सर तपासायची झकास युक्ती म्हणजे उलट फेरी: चिन्हांवरून अंक काढा, अंकावरून पुन्हा चिन्हं लिहा, मूळ मजकुराशी जुळली नाहीत तर मजकूर अवैध. ‘आयसी’ भाबडा पार्सर ९९ वाचतो, पण ९९ परत लिहिले की ‘एक्ससीआयएक्स’ येतं आणि चूक पकडली जाते. ते जमतं कारण तिथे एका संख्येचं प्रमाण रूप एकच आणि एकूण संख्या ३९९९. इथे दीड हजार, पंधराशे, एक हजार पाचशे तिन्ही वैध आहेत, त्यामुळे उलट फेरीने मजकूर वैध की अवैध हे ठरत नाही.

उलट दिशा मात्र वापरा. १ ते ९९,९९९ प्रत्येक संख्या अक्षरांत लिहिणारा छोटा जनक करा, त्याचं उत्तर पार्सरला द्या, अंक तोच आला पाहिजे. काही सेकंदांत होतं, आणि तक्त्यात ७६ आणि ६७ची अदलाबदल झाली असेल तर… तर ती सापडत नाही, कारण जनकही तोच तक्ता वाचतो! म्हणून ९९ शब्दांचा दुसरा तक्ता वेगळ्या माणसाकडून टाइप करून घ्या आणि दोन्ही ताडून बघा.

हाताने ठेवायच्या चाचण्या या, निदान:

पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, साडेसातशे ७५०, अठराशे सत्तावन्न १८५७, पावणेचार हजार ३७५०, सव्वा दोन लाख २,२५,०००, दोन लाख सव्वा हजार २,०१,२५०, पाच कोटी दोन लाख साडेतीन हजार ५,०२,०३,५००, अडीचशे कोटी २,५०,००,००,०००.

नकार यायलाच हवा असे: साडेदोन, पावणेएक, दोन तीन हजार, हजार-पाचशे, शेदीडशे, पाच शंभर, साडेबारा हजार पाचशे, एकोणशंभर, आणि रिकामी ओळ. रिकाम्या ओळीला शून्य देणारे पार्सर पुष्कळ असतात, आणि पावतीत शून्य रुपये खपूनही जातात.

कागदावर अंकी रक्कमही असेलच. ती वेगळ्या स्तंभात वाचा आणि दोन्ही ताडा, पण न जुळल्यास अंकी रक्कम आपोआप खरी धरू नका. धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांना लागू असलेल्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१च्या कलम १८प्रमाणे अंक आणि अक्षरं यांत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. मूळ अक्षरी मजकूर, वाचलेली किंमत आणि अंकी किंमत असे तिन्ही स्तंभ साठवा. नाकारलेल्या ओळीत कुठल्या शब्दापाशी आणि कुठल्या नियमाने अडलं तेही लिहा, नाहीतर तपासणाऱ्याला पूर्ण ओळ पुन्हा वाचावी लागते.